बारा इंजिनांचं विमान आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात ‘डॉर्नियर डो एक्स’ नावाच्या, पाण्यावरून उडणाऱ्या आणि पाण्यावरच उतरणाऱ्या अवाढव्य जर्मन विमानाचा फोटो छापला होता, १९२९ सालचा, आणि त्याखाली चार ओळी. एवढंच. पण त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काहींची काटछाट केलीय, रागावू नका.

प्रश्न : फोटोत पंखावर बारा इंजिनं मोजली मी, भिंग घेऊन. एवढी कशाला लागत होती? आणि हे धूड खरंच अमेरिकेला गेलं होतं का? (निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक)

बरोबर मोजलीत तुम्ही. सहा जोड्या होत्या, प्रत्येक जोडीत एक इंजिन पुढे तोंड करून ओढणारं आणि त्याच्याच पाठीला पाठ लावून दुसरं ढकलणारं. कारण साधं होतं, त्या काळात एका इंजिनातनं निघणारी ताकद फार तर पाचशे-सहाशे हॉर्सपॉवर, आणि ते बनवणाऱ्या क्लॉड डॉर्नियर साहेबांना उडवायचं होतं पन्नास टनांच्या वरचं विमान. मग काय, मोठं इंजिन मिळत नाही तर जास्त इंजिनं लावा. कागदावर बेरीज बरोबर येते हो, पण इथेच घोडं पेंड खातं. मागच्या इंजिनाला पुढच्या प्रॉपेलरने घुसळलेली हवा मिळायची, ती इंजिनं हवेवरच थंड व्हायची, त्यामुळे मागची सहा सतत तापायची. शेवटी १९३० मध्ये सगळी बारा काढून अमेरिकन कर्टिस कंपनीची पाण्याने थंड होणारी इंजिनं बसवली. ताकद थोडी वाढली, पण रेडिएटर आणि पाण्याचं वजनही आलं सोबत.

आणखी एक गंमत म्हणजे बारा इंजिनांचं नियंत्रण पायलटच्या हातात सोपवलंच नव्हतं. इंजिनिअरची वेगळी खोली होती, बोटीवर असते तशी, आणि पायलटने तिकडे निरोप द्यायचा की ताकद वाढवा, कमी करा. पहिलं उड्डाण १२ जुलै १९२९ ला बोडन्सी तलावावर झालं, पायलटचं नाव रिचर्ड वॅग्नर (संगीतवाले नव्हेत, ते कधीच वारले होते). कारखाना तलावाच्या स्विस काठावर, आल्टेनराइनला होता, कारण पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीत मोठी विमानं बांधण्यावर बंधनं घातली होती. मग पलीकडच्या काठावर शेड टाकली की झालं!

त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या विमानाने १६९ माणसं घेऊन उड्डाण केलं. १५० पाहुणे, १० क्रू आणि ९ जण चक्क फुकटे, लपून आत शिरलेले. एका विमानात एवढी माणसं हा विक्रम पुढे वीस वर्षं टिकला आणि त्या नऊ फुकट्यांचाही त्यात वाटा आहे हे मला फार आवडतं.

आता अमेरिका. गेलं होतं, पण कसं गेलं ते ऐका. नोव्हेंबर १९३० मध्ये निघालं, ॲमस्टरडॅम, इंग्लंड, फ्रान्स, स्पेन करत महिनाअखेर लिस्बनला पोचलं, तिथे एक ताडपत्री गरम एग्झॉस्टला लागून पेटली आणि डाव्या पंखाचा बराच भाग जळाला. दीड महिना दुरुस्ती. तिथून पुढे कॅनरी बेटांवर टेक-ऑफ करताना तळ फुटला, परत मुक्काम. मग आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली, केप व्हर्देहून अटलांटिक ओलांडून ब्राझील, रिओ, आणि किनाऱ्या-किनाऱ्याने वर न्यूयॉर्क, तारीख २७ ऑगस्ट १९३१. म्हणजे जवळजवळ दहा महिने. साधी आगबोट तेव्हा हेच अंतर आठवड्याभरात कापत होती, तीही रात्रीच्या जेवणासकट!

अटलांटिकवर तर हे विमान तासन्‌तास पाण्याला जवळजवळ खेटून उडत होतं, वजन इतकं की वर जाणं जमेना. पाण्याच्या अगदी जवळ उडलं की पंखाखालच्या हवेचा थोडा जास्तीचा आधार मिळतो, त्याच्यावर भागवलं. न्यूयॉर्कला नऊ महिने इंजिनांची कामं चालली होती, हजारो लोक तिकीट काढून बघायला यायचे. आणि मग परतीचा प्रवास मे १९३२ मध्ये न्यूफाउंडलंड, अझोर्स मार्गे फक्त चार-पाच दिवसांत! त्यामुळे ‘हे विमान कुचकामी होतं’ असं सरसकट मी म्हणणार नाही. हवामान, इंजिनं आणि नशीब तिन्ही एकदम साथीला असले तर ते काम करत होतं, पण असं एकदम तिन्ही जुळून येण्यावर टाइमटेबल कसं छापणार?

प्रश्न : सर, व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरतोय. १९३० च्या दशकातलं रशियन विमान, वीसेक इंजिनं, वर युद्धनौकेवरच्या तोफा. खाली ‘कालिनिन के-७’ लिहिलंय. खरं आहे का? (डिप्लोमा मेकॅनिकल, कोल्हापूर)

फोटो खोटा, विमान खरं. ती चित्रं कुणीतरी कंप्युटरवर हौसेने बनवलेली आहेत आणि वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतायत. ज्या तोफेने जहाज हादरतं ती तोफ विमानावरून झाडली तर विमानाचं काय होईल याचा विचार तूच कर, मेकॅनिकलला आहेस.

पण खरं के-७ सुद्धा कमी चमत्कारिक नव्हतं रे. कॉन्स्टंटिन कालिनिन यांनी युक्रेनमधल्या खार्किवला ते बांधलं. इंजिनं सात, सहा पंखाच्या पुढच्या कडेला आणि एक मागे ढकलणारं. पंखाचा पसारा ५३ मीटर, आणि पंख इतका जाड, दोन मीटरच्या वर, की आत माणूस उभा राहील. कल्पनाच ती होती की वेगळं धड नकोच, सगळं पंखातच, प्रवासी पण आणि सामान पण. मागे दोन लांब दांडे आणि त्यांच्यावर शेपूट. चाकांभोवती खाली दोन मोठाले डबे लोंबत होते, खऱ्या फोटोतही ते पाहिल्यावर पहिल्यांदा वाटतंच की हे एडिट केलंय.

ऑगस्ट १९३३ मध्ये पहिलं उड्डाण झालं आणि पहिल्यापासून एकच रड, कंपनं. इंजिनांच्या ठराविक वेगाला अख्खा सांगाडा थरथरायला लागायचा, विशेषतः ते शेपटीचे दांडे. तुला हे शिकवलं असेलच, प्रत्येक वस्तूची स्वतःची एक कंपनसंख्या असते आणि बाहेरचा धक्का त्याच तालात बसला की कंपन वाढतच जातं. आज हे सगळं विमान जन्माला यायच्या आधी गणिताने तपासतात, तेव्हा त्यांच्याकडे तेवढं गणितही नव्हतं आणि ते करायला कंप्युटरही नव्हता. त्यांनी दांड्यांना वरून पोलादी पट्ट्या ठोकून मजबूत केलं. २१ नोव्हेंबर १९३३ ला चाचणी उड्डाणात शेपटीचा दांडा तुटला, विमान कोसळलं, आतले चौदा जण आणि जमिनीवरचा एक गेले. आणखी दोन बांधायचं ठरलं होतं ते पुढे रद्द झालं. कालिनिनना १९३८ मध्ये स्टालिनच्या दडपशाहीत गोळी घातली. त्या चित्रांखाली ही शेवटची ओळ कुणीच लिहीत नाही.

प्रश्न : मला एक कळत नाही, पंख मोठा केला की जास्त वजन उचलणार ना? मग फक्त मोठं करत जायचं. प्रॉब्लेम काय होता? (अकरावी सायन्स, चिपळूण)

अगं, हाच प्रश्न तेव्हाच्या भल्याभल्यांना चकवून गेला. बघ, एखादं विमान जसंच्या तसं दुप्पट मापाचं केलंस तर पंखाचं क्षेत्रफळ होतं चौपट, पण वजन होतं आठपट, कारण वजन घनफळावर जातं. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर आता दुप्पट बोजा. तो उचलायचा तर जास्त वेगाने धावायला लागणार, त्याला जास्त ताकद, त्याला जास्त इंजिनं, इंजिनांना पेट्रोल, पेट्रोलला टाक्या, आणि हे सगळं परत वजनच. कुठल्याही जादूने ही साखळी तुटत नाही, ती तुटते फक्त दोन ठिकाणी, कमी वजनात जास्त ताकद देणारं इंजिन किंवा कमी वजनात जास्त मजबूत सांगाडा. १९२० च्या दशकात दोन्ही हाताशी नव्हतं.

आणि एक गोष्ट जिच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही ती प्रॉपेलर. तेव्हाच्या प्रॉपेलरची पाती ज्या कोनात बसवली त्याच कोनात कायम. टेक-ऑफला वेगळा कोन लागतो आणि वर गेल्यावर वेगळा. एकच कोन म्हणजे एसटीने खंबाटकी घाट टॉप गिअरमध्ये चढण्यासारखं, इंजिन आहे पण त्याची ताकद चाकापर्यंत पोचत नाही. उडताना पात्यांचा कोन बदलता येणारे प्रॉपेलर अमेरिकेत हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीत फ्रँक कॉल्डवेल यांनी व्यवहारात आणले, त्याबद्दल १९३३ ची कॉलिअर ट्रॉफी, विमानविद्येतला मोठा अमेरिकन पुरस्कार, मिळाली. डो एक्सच्या बारा इंजिनांना ही सोय असती तर त्याची गोष्ट थोडी वेगळी झाली असती असं माझं मत आहे, पटत नसेल तर पत्र लिहा.

दुसरं म्हणजे पेट्रोल. शंभर ऑक्टेनचं, म्हणजे इंजिनात जास्त दाब सोसणारं, विमानी पेट्रोल अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या मध्यापासून मिळायला लागलं, त्यासाठी शेल कंपनीत नामवंत वैमानिक जिमी डूलिटल यांनी बरीच भांडाभांडी केली होती. तेवढ्याच इंजिनातनं जास्त ताकद निघायला लागली. मग १९३८ मध्ये बोइंग ३१४ आलं, तेही पाण्यावरचंच, इंजिनं फक्त चार पण एकेक दीड हजार हॉर्सपॉवरच्या पुढचं. आणि ते १९३९ पासून खरोखर टाइमटेबलने अटलांटिक ओलांडू लागलं. डो एक्सपेक्षा ते हलकं होतं हे खरं, पण काम तेच, आणि इंजिनं एक-तृतीयांश.

प्रश्न : नऊ पंखांचं विमान होतं असं ऐकलंय. थट्टा आहे का? (पुणे)

थट्टा नाही हो. इटलीचे जानी कॅप्रोनी, पहिल्या महायुद्धात उत्तम बॉम्बर बनवलेला माणूस, म्हणजे काही हौशी नव्हे. त्यांचं तीन मजली पंखांचं बॉम्बर चांगलं उडायचं. मग त्यांनी तसे तीन मजली पंखांचे तीन संच एका लांबलचक बोटीवर बसवले, एक पुढे, एक मध्ये, एक मागे. झाले नऊ. आठ लिबर्टी इंजिनं, चारशे हॉर्सपॉवरची, आणि शंभर प्रवासी घेऊन अटलांटिक पार करायचा बेत.

मार्च १९२१ मध्ये माजोरे तलावावर चाचणी झाली. प्रवाशांऐवजी वाळूची पोती ठेवली होती. ४ मार्चला पायलट फेदेरिको सेम्प्रिनी यांनी ते पाण्यातून उचललं, साधारण १८ मीटर वर गेलं, आणि नाक खाली करून तलावात. पोती नीट बांधली नव्हती, ती सरकली असावीत असं एक कारण सांगतात. पायलट वाचले. पुढे पैसे मिळाले नाहीत आणि विषय संपला.

मला विचाराल तर वाळू सरकली नसती तरी हे विमान अटलांटिकच्या निम्म्यातही पोचलं नसतं. पंखामागे पंख असले की पुढच्याने बिघडवलेली हवा मागच्याला मिळते, मागचा तेवढं उचलत नाही. आणि नऊ पंखांमधले ते खांब आणि तारांचं जंजाळ, सगळा वारा अडवायला.

प्रश्न : ब्रिटिश आणि अमेरिकन यात मागे होते का? (ठाणे)

छे, उलट त्यांच्याकडे तर एकच डिझायनर दोन देशांत दोनदा धडपडला. इंग्लंडमध्ये टॅरंट नावाचे घरं बांधणारे कॉन्ट्रॅक्टर होते, त्यांनी लाकडी ‘टेबर’ बांधलं, बर्लिनवर बॉम्ब टाकायला, पण तयार होईस्तोवर युद्धच संपलं. सहा इंजिनं, चार खाली आणि दोन पार वरच्या पंखाखाली. २६ मे १९१९ ला फार्नबरोला पहिल्यांदा धावपट्टीवर पळवलं, मग वरची दोन इंजिनं एकदम पूर्ण ताकदीने सोडली आणि एवढ्या उंचावरून ढकलल्यावर जे व्हायचं तेच झालं, विमान नाकावर उलटलं. दोन्ही पायलट गेले. एकदाही उडालं नाही.

त्यावर काम केलेले वॉल्टर बार्लिंग पुढे अमेरिकेला गेले आणि तिथे ‘बार्लिंग बॉम्बर’ केला, परत तीन मजली, परत सहा इंजिनं. पण यावेळी पुढे नाकाखाली जास्तीची चाकं लावली, पुन्हा उलटायला नको म्हणून! ऑगस्ट १९२३ मध्ये उडाला, व्यवस्थित उडाला. फक्त वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि ओहायोहून वॉशिंग्टनला जाताना मधले ॲपलेशियन डोंगर काही ओलांडता येईनात. त्याच्यासाठी खास हँगर बांधला तो विमानापेक्षा महाग पडला, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शेवटी १९३० मध्ये हॅप अरनॉल्ड या अधिकाऱ्याने ते जाळून टाकायला लावलं. असं सांगतात की अख्खं विमान जाळायची परवानगी वरून मिळत नव्हती, म्हणून त्याने विमानाचे ‘काही भाग’ जाळायची परवानगी मागितली. सरकारी ऑफिसात नोकरी केलेल्या वाचकांना हे वेगळं समजावायला नको.

प्रश्न : ‘माक्सिम गोर्की’ विमानात छापखाना होता म्हणे? (ग्रंथपाल, लातूर)

होता. छापखाना, फोटोची लॅब, सिनेमाची व्यवस्था, आणि खाली जमिनीवर ऐकू जाईल अशी लाऊडस्पीकरची यंत्रणा, तिचं नाव ‘आकाशातला आवाज’. सोव्हिएत रशियाच्या तुपोलेव्ह यांचं डिझाइन, आठ इंजिनं, पंख ६३ मीटर, आणि पैसा लोकवर्गणीतून. लेखक गोर्कींच्या साहित्यसेवेला चाळीस वर्षं झाली म्हणून त्यांचं नाव, आणि काम सरकारी प्रचाराचं. १९३४ मध्ये उडालं.

इंजिनिअरिंगच्या बाजूने बघितलं तर या सगळ्या यादीत मला हेच सगळ्यात समजूतदार वाटतं, उडायचं बरं आणि मोठं असूनही आटोक्यात राहायचं. पण १८ मे १९३५ ला मॉस्कोवर त्याच्या शेजारून एक छोटं लढाऊ विमान उडवत होते, मोठ्याचा आकार लोकांना कळावा म्हणून. त्याचा पायलट ब्लागिन याने कसरत करायला घेतली आणि मोठ्यावर आदळला. विमान कारखान्यातले कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय त्या दिवशी सैर करायला आत बसले होते, लहान मुलंसुद्धा. चाळीसहून जास्त माणसं गेली. यात त्या विमानाचा दोष काही नव्हता.

प्रश्न : यातलं एखादं मुंबईत आलं होतं का? माझे आजोबा समुद्रावर उतरणारं विमान पाहिल्याचं सांगायचे. (टोरांटोहून एक वाचक)

वर सांगितलेल्यांपैकी एकही भारतात आलं नाही. पण तुमच्या आजोबांना खोटं पाडू नका, पाण्यावर उतरणारी विमानं आपल्याकडे येत होती. इम्पीरिअल एअरवेजच्या चार इंजिनांच्या ‘एम्पायर’ फ्लाइंग बोटी १९३० च्या दशकाच्या शेवटी कराचीहून पुढे राजस्थानातलं राजसमंद, मग ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता असे टप्पे घेत जायच्या, तलाव नि नद्यांवर उतरत. म्हणजे शिंद्यांच्या ग्वाल्हेरात तेव्हा लंडनचं विमान उतरायचं. आजोबा तिकडे किंवा कराचीला कधी होते का ते घरात विचारा. त्याआधी कराचीपर्यंत ‘हॅनिबल’सारखी चार इंजिनांची दुपंखी विमानं यायची, त्यातलंच हॅनिबल मार्च १९४० मध्ये ओमानच्या आखातावर आठ जणांसह बेपत्ता झालं, त्यात मद्रासचे नेते ए. टी. पन्नीरसेल्वम होते.

आणि पाणीच का, तर मोठ्या विमानाला लांब, पक्की धावपट्टी लागते, ती जगात फारशी कुठे नव्हतीच. आपल्याकडचंच बघा, जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाचं पस मॉथ जुहूला उतरवलं, आणि ते जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जायचं म्हणून टाटांना पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला हलवायला लागायचा. एवढंसं विमान होतं ते! पन्नास टनांचं उतरवलं असतं तर रुतून बसलं असतं. तलाव, खाडी, नदी फुकट, कितीही लांब, आणि कुणी डांबर टाकायची गरज नाही. लाटा आल्या की मात्र पंचाईत.

प्रश्न : मी स्टुटगार्टला असतो. डो एक्स कुठे बघायला मिळेल?

नाही मिळणार. १९३३ मध्ये पासाउला उतरताना त्याची शेपूट तुटली, दुरुस्त केलं, मग बर्लिनच्या म्युझियममध्ये ठेवलं आणि ते १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. इटलीसाठी आणखी दोन बांधली होती, तीही उरली नाहीत. पण तुम्हाला फ्रीड्रिक्सहाफेन लांब नाही, तिथे विमानतळाला लागूनच डॉर्नियर म्युझियम आहे, कंपनीचा सगळा इतिहास मांडलाय. आल्टेनराइन तलावाच्या पलीकडे स्विस बाजूला, तिथे आजही छोटा विमानतळ चालू आहे. आणि इटलीत उतरायचं झालं तर ट्रेंटोच्या कॅप्रोनी म्युझियममध्ये त्या नऊ पंखवाल्याचे काही तुकडे ठेवलेत. गेलात तर फोटो पाठवा, छापू.